आठ दिवसांची सेवा, बावीसशे डॉलर: मिशन ट्रिपचा हिशेब कसा वाचावा

फेब्रुवारी उजाडला की अमेरिकेतल्या अनेक चर्चमध्ये उन्हाळ्याच्या मिशन ट्रिपची नावनोंदणी सुरू होते. न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती घरांतली मुलेही युथ ग्रुपमधून फॉर्म घेऊन येतात. ग्वाटेमाला, होंडुरास, मेक्सिको, डॉमिनिकन रिपब्लिक, क्वचित केनिया. मुक्काम आठ-दहा दिवसांचा. काम म्हणजे लहान मुलांसाठी सुटीतली बायबल शाळा, एखाद्या घराच्या किंवा वर्गखोलीच्या बांधकामाला हातभार, कधी दात आणि डोळे तपासण्याचे शिबिर. मध्य अमेरिकेसाठी साधारण दीड ते अडीच हजार डॉलर पडतात, आफ्रिकेसाठी तीन ते साडेचार हजार. पुण्या-मुंबईच्या, नगरच्या, वसईच्या तरुणांना हीच हाक नेपाळ किंवा केनियासाठी येते, तेव्हा आकडा रुपयांत असतो.

अशा वेळी आईवडिलांची पंचाईत होते. लेकरू प्रभूच्या कामाला जायचे म्हणते, तिथे ‘एवढे पैसे कशाला?’ असे विचारायला जीभ रेटत नाही. पाळकांकडे हिशेब मागणे म्हणजे त्यांच्या सचोटीवर संशय घेणे, असेही वाटते. पण हा पैसा बहुतेक वेळा एकट्या घराचा नसतो. मंडळीतल्या आजी-आजोबांनी, शेजाऱ्यांनी, ऑफिसातल्या मित्रांनी तो दिलेला असतो, आणि तो त्या दूरच्या गावासाठी दिलेला असतो. म्हणून विचारायचेच, आणि पहिला हप्ता भरण्याआधी विचारायचे.

तरुणांनी थोड्या दिवसांसाठी परदेशी सेवेला जाण्याची ही पद्धत फार जुनी नाही. जॉर्ज व्हर्वर १९५७ मध्ये मित्रांना घेऊन मेक्सिकोला गेले, त्यातून पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ उभे राहिले. लॉरेन कनिंगहॅम यांनी १९६० मध्ये ‘युथ विथ अ मिशन’ सुरू केले. २००५ च्या एका राष्ट्रीय पाहणीवरून अमेरिकेतले सुमारे १६ लाख चर्च-सदस्य दर वर्षी अशा ट्रिपवर परदेशी जातात, असा अंदाज काढला गेला होता. एवढी माणसे जिथे पैसे भरतात, तिथे ग्राहक म्हणून डोळे उघडे ठेवणे भागच आहे.

आकड्याच्या पोटात काय असते

नमुन्यादाखल ईशान्य अमेरिकेतून ग्वाटेमालाला आठ दिवसांसाठी जाणारा वीस जणांचा गट घेऊ. माणशी २,२०० डॉलर. आकडे अंदाजी आहेत, पण विभागणी साधारण अशीच पडते. विमानाचे जाण्यायेण्याचे तिकीट ६०० ते ७५० डॉलर. राहणे-जेवण रोजचे पन्नास धरले तर ४००. गाडी आणि ड्रायव्हर १५०. दुभाषे ५० ते ७५. विमा ३० ते ५०. टी-शर्ट, छपाई, निघण्याआधीची प्रशिक्षणे यांचे शंभरेक. सोबत येणाऱ्या मोठ्या माणसांचा खर्च पुष्कळदा मुलांच्या शुल्कातच वाटून टाकलेला असतो, त्याचे १५० ते २००. पाठवणारी संस्था प्रशासनासाठी दहा ते पंधरा टक्के ठेवत असेल तर २२० ते ३३०. उरते ती रक्कम प्रत्यक्ष कामाची, म्हणजे सिमेंट, विटा, वह्या, औषधे यांची. ती दीडशे डॉलर असते, फार तर पाचशे.

यात लबाडी आहे असे नाही. तिकीट लागतेच, जेवण लागतेच. पण देणगी देणाऱ्या आजींना वाटत असते की आपले शंभर डॉलर गावातल्या मुलांना गेले, आणि त्यातले दहा-वीसच तिथल्या कामाला लागलेले असतात. म्हणून संस्थेकडे बाबवार विभागणी लेखी मागा. तीत दोन ओळी खास शोधा: यजमान मंडळीच्या हाती किती दिले जाते, आणि नेत्यांच्या प्रवासाचा भार कुणावर आहे. राहण्या-जेवणाचे पैसे कोणाला जातात तेही विचारा. गावातल्या कुटुंबाने चालवलेल्या गेस्टहाउसला गेले तर तीही त्या गावाची कमाईच आहे. अमेरिकी संस्थेच्या स्वतःच्या कुंपणातल्या वसतिगृहाला गेले तर तो पैसा फिरून परत येतो.

दुभाष्याच्या ओळीवर काटछाट होऊ देऊ नका. सिंथिया फरार १८२७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईला आल्या, मराठी शिकल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतले. एवढी वर्षे दिली तेव्हा ते काम झाले. आठ दिवसांच्या पाहुण्याला गावातली भाषाही येत नसते. सोलोला प्रांतातल्या, म्हणजे आतितलानच्या सरोवराभोवतालच्या गावांत तर घरात स्पॅनिशही नव्हे, काक्चिकेल किंवा त्सुतुहिल या माया भाषा बोलतात. तिथे गटाचे सगळे काम प्रत्यक्षात दुभाषी आणि यजमान मंडळीतल्या बायाबापड्या करत असतात. आठवडाभर त्या आपली शेती, दुकान, शिवणकाम सोडून येतात. त्यांना मेहनताना मिळतो का, हे विचारणारा पालक मला हवा आहे.

शुल्काबाहेरचे खर्च वेगळे. अमेरिकी पासपोर्ट नवा काढायचा तर १६ वर्षांखालच्या मुलाला १३५ डॉलर, मोठ्याला १६५. टायफॉइडसारख्या प्रवासी लसी बऱ्याच आरोग्यविम्यांत बसत नाहीत, त्यामुळे दोन-तीनशे डॉलर बाजूला ठेवावेत. अल्पवयीन मूल आईवडिलांशिवाय जाणार असेल तर दोघांच्या सहीचे नोटरी केलेले संमतिपत्र द्यावे. आणि जुन्या कपड्यांच्या, खेळण्यांच्या जादा बॅगा नेऊ नका. एका बॅगेच्या विमानभाड्यात तिथल्या बाजारात नवे कपडे मिळतात आणि दुकानदाराचेही चार पैसे होतात.

तीस हजारांचे घर

बांधकामाची ट्रिप असेल तर होंडुरासची गोष्ट माहीत असायला हवी. १९९८ च्या ऑक्टोबरच्या शेवटी ‘मिच’ चक्रीवादळाने तो देश उद्ध्वस्त केला. पुढे उत्तर अमेरिकेतून गटांमागून गट घरे बांधायला गेले. होंडुरासमध्येच राहणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी या घरांचा अभ्यास केला आणि तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवास धरून परदेशी गटाने बांधलेले घर सुमारे ३०,००० डॉलरला पडले होते. तिथल्याच ख्रिस्ती संस्थेने स्थानिक गवंड्यांकडून बांधून घेतलेले घर सुमारे २,००० डॉलरला. घर कोणी बांधले यावरून त्यात राहणाऱ्या कुटुंबाच्या आयुष्यात काही वेगळे घडले, असे त्यांना दिसले नाही. जाऊन आल्यावर माणूस पुढे वर्षानुवर्षे जास्त दान देतो, हा नेहमीचा युक्तिवादही त्या पाहणीत फारसा टिकला नाही.

याचा अर्थ कुणी जाऊच नये असा मी लावत नाही. ज्या गावात गवंडी रोजगाराअभावी बसून आहेत, तिथे सतरा वर्षांच्या मुलांना विटा रचायला पाठवू नये, एवढा मात्र नक्की लावते. मुलाला तिथे जाऊन शिकायचे असेल तर त्याने जरूर जावे, गवंड्याच्या हाताखाली बिगारी काम करावे, आणि त्या गवंड्याची आठवड्याची मजुरी गटाने द्यावी. असा करार करणाऱ्या संस्था आहेत. स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट यांचे २००९ चे ‘व्हेन हेल्पिंग हर्ट्स’ हे पुस्तक अनेक अमेरिकी चर्चमध्ये वाचले गेले, तेव्हापासून पाळकांनाही हा प्रश्न नवा नाही. विचाराल तर बहुतेक जण मोकळेपणाने बोलतात.

बालगृहातली सेवा: इथे स्वस्त-महाग पाहूच नका

आता सर्वांत नाजूक गोष्ट. मुलांची सेवा या नावाने ज्या ट्रिप विकल्या जातात, त्यांतल्या कित्येकींत अनाथाश्रमात राहून मुलांना खेळवणे, भरवणे, निजवणे हा कार्यक्रम असतो. ही ट्रिप कितीही स्वस्त असली, कितीही ओळखीच्या माणसाने सुचवली असली, तरी पैसे भरू नका. माझे हे मत ठाम आहे.

जगभरच्या अनाथाश्रमांतल्या दर पाच मुलांपैकी किमान चौघांची आई किंवा बाप हयात आहे, असे ‘सेव्ह द चिल्ड्रन’ने २००९ मध्येच मांडले होते. गरिबी, आजारपण, शाळेची सोय नसणे यामुळे ती मुले तिथे आलेली असतात. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येऊ लागल्या की काही ठिकाणी उलटी चक्रे फिरतात: आश्रम भरलेला दिसावा म्हणून मुले गोळा केली जातात. नेपाळमध्ये डोंगरातल्या जिल्ह्यांतून ‘शिकवतो’ असे सांगून मुले काठमांडूत, पोखऱ्यात आणली गेली. तिथली बालगृहे पर्यटक जिथे जातात त्याच मोजक्या जिल्ह्यांत दाटलेली आहेत, हे सहज घडलेले नाही. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या दहा चर्च-स्वयंसेवकांना ३३ मुले कागदपत्रांविना सीमेपार नेताना अटक झाली. त्यांच्या मनात दया असेल, पण त्या मुलांपैकी बहुतेकांचे आईवडील जिवंत होते.

ज्या आश्रमात सचोटी आहे, तिथेही आठ दिवसांच्या पाहुण्यांनी मुलांचे नुकसान होते. मूल जीव लावते, पाहुणा निघून जातो, पुढच्या आठवड्यात दुसरा येतो. वर्षभरात अशी किती माणसे त्या लेकराला सोडून जातात याचा विचार करा. म्हणूनच कायदे बदलले. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या चर्चेत अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची वाहतूक हा प्रश्न धसास लावला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मधल्या बालहक्क ठरावात अनाथाश्रमातल्या स्वयंसेवेच्या धोक्याची दखल घेतली. केनियाने २०१७ मध्ये नव्या खासगी बालगृहांची नोंदणी थांबवली आणि २०२२ च्या बालक कायद्यात मुलांना कुटुंबात ठेवण्यावर भर दिला.

मग मुलांसाठी काय करता येते? गावातल्या चर्चच्या अंगणात, गावातल्याच शिक्षिकांनी चालवलेली सुटीतली शाळा, जिथून मुले संध्याकाळी आपल्या घरी जातात, तिथे मदतनीस म्हणून जायला हरकत नाही. शिक्षकांना प्रशिक्षण, दंतवैद्य असाल तर स्थानिक परवाना घेऊन दंतवैद्याचे काम, विहिरीच्या पंपाची दुरुस्ती शिकवणे, हेही चांगलेच. आश्रमातून मुलांना पुन्हा आईवडिलांकडे पोचवणाऱ्या संस्थांना तर पैसाच जास्त उपयोगी पडतो.

आणखी एक कसोटी आहे. अमेरिकेतल्या बहुतेक चर्चमध्ये मुलांबरोबर काम करायचे तर पार्श्वभूमी तपासणी लागते, एका मुलाबरोबर एकटा प्रौढ कधी ठेवत नाहीत, पालकांच्या परवानगीविना फोटो काढत नाहीत. हेच नियम त्या परदेशी गावातही पाळणार का, असे संस्थेला लेखी विचारा. उत्तर द्यायला वेळ लावला तर समजून जा.

व्हिसा आणि विमा

मराठी घरांत अमेरिकी पासपोर्ट नसलेली मुले पुष्कळ असतात, आणि युथ ग्रुपच्या नेत्याला याची कल्पना नसते. मूल एच-४ वर, म्हणजे एच व्हिसाधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, असेल आणि पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल, तर मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन चालू आय-९४ (प्रवेशनोंद) वर परत येण्याची सवलत आहे, ग्वाटेमाला-होंडुरासला नाही. तिथे गेल्यास परतीसाठी दूतावासात नवा शिक्का घ्यावा लागेल, आणि त्याची मुलाखत कधी मिळेल याचा भरवसा नसतो. ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज प्रलंबित असेल तर परवानगीविना देश सोडल्याने अर्जच बाद होऊ शकतो. एच व्हिसावाल्यांना यात काही सूट आहे, पण वकिलाला विचारल्याविना तिकीट काढू नका. वकिलाची फी हाही ट्रिपचा खर्चच.

विम्यात तिकीट रद्द होण्याची भरपाई दुय्यम आहे. पाहायचे ते आजारी माणसाला विमानाने हलवण्याचे कलम. डोंगरातल्या गावातून मायामीपर्यंत रुग्ण आणायला लाखभर डॉलरही लागू शकतात. अमेरिकी परराष्ट्र खात्याने ज्या देशाला चौथ्या, म्हणजे सर्वोच्च धोक्याच्या पातळीवर ठेवले आहे, तिथे बऱ्याच पॉलिसी लागूच होत नाहीत. हैती त्या पातळीवर आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे एका अनाथाश्रमाला भेट देऊन परतणाऱ्या १७ मिशनरींचे, त्यांत लहान मुलेही होती, टोळीने अपहरण केले होते.

देणगीची पावती

अमेरिकेत पत्रे पाठवून निधी जमवण्याची रीत आहे. करसवलत मिळण्यासाठी ती देणगी संस्थेला दिलेली असावी लागते. ‘अमुक मुलाच्या खात्यात’ दिलेली रक्कम ही भेट ठरते. देणगी संस्थेची असल्यामुळे मुलाने ऐनवेळी माघार घेतली किंवा ट्रिपच रद्द झाली तर पैसे परत मिळत नाहीत, ते संस्थेकडेच राहतात. देणाऱ्यांना पत्रातच हे सांगा. संस्थेचा वार्षिक ‘फॉर्म ९९०’ कोणालाही पाहता येतो. चर्चना मात्र तो भरण्याचे बंधन नाही, त्यामुळे चर्चकडे थेट ताळेबंद मागावा लागतो.

महाराष्ट्रातून जाताना, महाराष्ट्रात येताना

मुंबई-पुण्याहून नेपाळचा आठवडा गोरखपूरपर्यंत रेल्वेने गेल्यास अंदाजे १५ ते २५ हजार रुपयांत होतो. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पण तिथल्या फौजदारी संहितेत, जी २०१८ पासून अमलात आहे, धर्मांतर घडवण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. पत्रके वाटण्याचा कार्यक्रम असलेल्या गटाबरोबर विशीतल्या मुलाला पाठवताना घरच्यांना हे ठाऊक असलेच पाहिजे. धोका यजमान नेपाळी मंडळीला जास्त असतो. पाहुणे परत येतात, ती तिथेच राहतात.

केनियाला अंदाजे एक ते दीड लाख रुपये लागतात, त्यांतले ३५ ते ५० हजार तिकिटाचे. प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी सुमारे ३० डॉलर. परतताना पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र नसेल तर भारतात विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. ती एकदा घेतली की आयुष्यभर चालते. स्वतःच्या प्रवासासाठी भरलेली रक्कम देणगी नव्हे, त्यामुळे त्यावर कोणी ८०जी ची पावती देऊ केली तर घेऊ नका. ट्रिपचे बिल परदेशी टूर पॅकेज म्हणून फाडले तर टीसीएस (विक्रेत्याने गोळा करायचा कर) कापला जातो, तो विवरणपत्रात वळता करून घ्या.

उलट दिशेचा प्रवासही होतो. अमेरिकेतली मराठी मुले आपल्या चर्चच्या गटाबरोबर केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन पाहायला किंवा नगर-मिरजेकडच्या जुन्या संस्थांत सेवेला येऊ पाहतात. ओसीआय कार्ड आहे म्हणून सगळे चालते, हा समज चुकीचा आहे. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआयधारकाला मिशनरी कार्यासाठी विशेष परवानगी लागते, आणि ती एफआरआरओकडून, म्हणजे विदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडून, घ्यायची असते. पर्यटक ई-व्हिसावर महिनाभरापर्यंत विनामोबदला स्वयंसेवा करता येते. धर्मप्रचारासाठी मिशनरी व्हिसा वेगळा आहे. आजोळच्या गावी जातोय असे समजून आलेल्या मुलाचे कार्ड अडचणीत येऊ नये.

पैसे भरण्याआधी

अनामत बहुधा दीडशे-दोनशे डॉलर असते आणि ती परत मिळत नाही. तिकिटे निघेपर्यंत पुढचा हप्ता रोखून धरा, आणि दरम्यान यजमान मंडळीच्या पाळकांचे पत्र मागा, संस्थेचे नव्हे. त्यात तीन गोष्टी असाव्यात: पाहुणे त्यांनी बोलावले आहेत, कोणत्या कामासाठी बोलावले आहेत, आणि तेच काम गावातल्या माणसांकडून करून घ्यायला किती लागले असते. गटाने दर वर्षी त्याच मंडळीकडे जाण्याचा शिरस्ता ठेवला असेल तर असे पत्र आठवड्याभरात येते. महिनाभर वाट पाहूनही आले नाही, तर अनामत सोडून द्या आणि उरलेले दोन हजार डॉलर त्या मंडळीच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेच्या पगारासाठी पाठवा.